उसण

शेवटचं गाणं संपलं, सगळे उठले, आणि ओस्मुनच्या लक्षात आलं की आपल्याला उठता येत नाहीये.

कमरेत उसण भरली होती. सकाळी जाळी ओढताना एकदा कळ आली होती, तिच्याकडे त्याने कानाडोळा केला होता. प्रार्थनाघराच्या कडक बाकावर दीड तास बसल्यावर तिने आता पुरता सूड उगवला. जरा हललं की डोळ्यांपुढे काजवे.

एरवी तो आत यायचाच नाही. आईला दारात सोडायचं आणि गाडीत रेडिओ ऐकत बसायचं, हा त्याचा वीस वर्षांचा रविवार. आज गाडीचा हीटर बंद पडला होता आणि समुद्रावरचा फेब्रुवारीचा वारा हाडं फोडत होता. म्हणून तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर येऊन टेकला होता.

या बेटावर एक रीत आहे. सभा संपली की मंडळी खालच्या खोलीत कॉफी प्यायला जातात. ज्याला आपलं पाप येशूच्या पायाशी टाकायचं असेल, तो उठत नाही. हात वर करावा लागत नाही, काही बोलावं लागत नाही. थांबला, म्हणजे समजायचं.

ओस्मुनच्या घरी पत्ते कुटायला कोण कोण येतं यावर कायम डोळा ठेवून असलेली शेजारीण, बोर्गहिल, बाकापाशी घुटमळली. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. उसणीने दुसरं काय होणार! पण बोर्गहिलने तोंडावर हात ठेवला आणि त्याच्या आईला हाका मारत ती धडधडत जिना उतरली.

"गुनवोर! अगं ए गुनवोर! टाक ते कप! तुझा ओस्मुन थांबलाय!"

मेलो, ओस्मुन मनात म्हणाला.

प्रचारक टेलेफ पुढच्या बाकावर येऊन त्याच्याकडे तोंड करून बसला. मुख्य भूमीवरून आलेला साधा, भला माणूस. आठवडाभर घसा फोडत होता आणि आजवर एकही माणूस थांबला नव्हता.

"घाई नाही," तो म्हणाला. "काय होतंय, सांगा."

"दुखतंय हो."

"दुखणारच. पाप दुखतंच. चांगली खूण आहे."

"अहो, तसं नाही..."

"ऐका तर. आपल्या पुण्याईवर देवापुढे कुणीच टिकत नाही. चांगली कामं केली म्हणून नाही, बाप्तिस्मा झालाय म्हणून नाही, आणि आई भाविक आहे म्हणून तर मुळीच नाही. आपली शिक्षा येशूने वधस्तंभावर भोगली. सगळी. आपण फक्त घ्यायचं. जो घेतो त्याला नवा जन्म मिळतो. घेता?"

ओस्मुन तोंड उघडणार, तेवढ्यात दारात आई दिसली. गुडघ्यांनी रडकुंडीला आणलेली त्र्याऐंशी वर्षांची बाई कठड्याला न धरता जिना चढून आली होती. हातात कप पुसायचं ओलं फडकं तसंच होतं. तिच्या चेहऱ्याकडे त्याला बघवेना.

एकतीस वर्षं ती रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करत होती. घराच्या भिंती पातळ, त्याला सगळं ऐकू यायचं. नरकाच्या गोष्टी तिच्या लेखी गोष्टी नव्हत्या. आपण स्वर्गात असू आणि आपला मुलगा तिथे नसेल, या भीतीने ती म्हातारी झाली होती.

एक 'हो' पुरला असता. तिने सुखाने डोळे मिटले असते. उद्या बेटभर बोभाटा झाला असता, पत्त्यांचा जोड शेगडीत गेला असता, एवढंच. जाऊ दे की! पण स्वर्गात पोचल्यावर ती त्याला शोधणार होती. खोट्याच्या भरवशावर तिला तिकडे कसं पाठवायचं?

"आई," तो म्हणाला, "उसण भरलीय गं. उठता येईना म्हणून बसलोय."

टेलेफ आपल्या बुटांकडे बघायला लागला. खाली कपांचे आवाज थांबले होते, म्हणजे सगळे कान वर लागले होते. आईने फडक्याची घडी घातली. मग मोडली, पुन्हा घातली.

"रागावलीस?"

ती त्याच्या शेजारी बसली. आपला ओला, गार हात तिने त्याच्या स्वेटरखाली घातला.

"इथं?"

"आई गं! हो, तिथंच."

"एकोणिसाव्या वर्षी मी थांबले होते," ती अंगठा दाबत म्हणाली.

"ठाऊक आहे. शंभरदा सांगितलंयस."

"हे नाही सांगितलं. तुझे बाबा थांबले होते, म्हणून मी थांबले. म्हटलं, घरापर्यंत सोबत होईल."

टेलेफने मान वर केली.

"आणि मग?" ओस्मुनने विचारलं.

"मग काय! बसले होते, तर ऐकावं लागलं." ती टेलेफकडे वळली. "तुम्ही का गप्प झालात? बोला की."

टेलेफने घसा खाकरला आणि अगदी सुरुवातीपासून सुरुवात केली. या वेळी जरा अडखळत, त्यामुळे जास्त खरा वाटत होता. तो वधस्तंभापर्यंत आला असेल नसेल, तोच आईच्या अंगठ्याखाली काहीतरी सुटलं आणि ओस्मुनच्या कमरेतली कळ गेली. एकदम, गाठ सुटावी तशी.

आता उठता आलं असतं. आईच्या बोटांना ते कळलं असणारच. तिने अंगठा काढला नाही, आणि ओस्मुन उठला नाही.