लाल दोर

बोटीवर बापाचा कायदा एकच होता. कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणी वर पाऊल टाकायचं नाही, आणि पाण्यात पडलंच कुणी तर दोराला तीन हिसके द्यायचे, म्हणजे बाकीच्यांनी ओढून घ्यायचं.

भर दुपारी वारा पडला होता. शीड मेल्यासारखं लोंबत होतं. बाप खाली घोरत होता, लेक टेबलाशी जेवत होती आणि आई वर बसून ताटल्या-सुऱ्या विसळत होती. सहज तिचं लक्ष मागे गेलं. कठड्याला अडकवलेला लेकीचा लाल दोर ताठ होऊन पाण्यात शिरला होता.

“काय गं, दोर कुठे टाकलास?”

“असेल तिथेच,” खालून उत्तर आलं, भरल्या तोंडाने.

मासा अडकला असेल, असं आईने स्वतःला समजावलं. तेवढ्यात दोराला तीन हिसके बसले. जरा थांबून पुन्हा तीन.

हातातली ताटली टाकून ती दोर ओढायला धावली.

लेक दारात येऊन उभी राहिली. कोरडी ठणठणीत, हातात चमचा.

“ओढू नकोस, आई. काप ना. बाबाच म्हणतात, गोडं पाणी तिघांनाच कसंबसं पुरेल.”

आईने पाण्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. पोटची पोर समोर धडधाकट उभी असताना आणखी कोण हवं होतं? तिने डोळे मिटून सुरी चालवली. दोर सर्रकन पाण्यात गेला.

लेकीने तिच्या गळ्यात हात टाकले.

“रडू नकोस गं. येईल ती पोहत. मीपण तशीच आले होते.”