सातवं टाकं

"किल्ला नाय हितं," पायथ्याच्या वाडीतली भागीबाई म्हणाली. "डोंगर हाय. कांडोळीचा."

रावजींनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि तिच्यापुढे धरलं. नाशिकची काही हौशी मंडळी महिन्यापूर्वी हा डोंगर चढून गेली होती. वर पडका दरवाजा, कातळात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याची सात टाकी. शहराच्या इतक्या जवळ किल्ला असून कुणाला पत्ताच नव्हता, असं बातमीत लिहिलं होतं.

रावजी किल्ल्यासाठी आले नव्हते. फोटोत टाक्याशेजारी एक पत्र्याची पाटी होती. ‘पाणी पिण्याचे आहे. हात धुऊ नयेत.’ त्यातला ‘ण’ त्यांनी ओळखला होता. शेवटची दांडी ओळीखाली लोंबणारी. लहानपणी त्यासाठी त्यांनी मुलाच्या, दिनेशच्या हातावर पट्टी मारली होती, तरी ती दांडी कधी वर गेली नव्हती.

पंच्याण्णव साली दिनेश डिप्लोमाला दुसऱ्यांदा नापास झाला. "पास झालास तरच तोंड दाखव," असं रावजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोरगा सायकल घेऊन गेला तो गेलाच. त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली होती. कारखान्यातली फिटरची नोकरी संपून रावजी घरी बसले होते, पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोलीस चौकीत जाणं सुटलं नव्हतं. परत आले की बायको, वत्सलाबाई, विचारायची, "काही कळलं?" ते म्हणायचे, "नाही." पौषात ती एकटीच त्र्यंबकच्या यात्रेला जाऊन यायची. दर दिवाळीला दिनेशसाठी एक शर्ट घ्यायची आणि घडी न मोडता कपाटात ठेवायची. ही बाई त्या शर्टांवर जगते आहे, असं रावजींना वाटायचं.

तिला वाचता येत नसे. सकाळी रावजीच तिला पेपर वाचून दाखवत. त्या दिवशी त्यांनी ही एक बातमी गाळली. गिरणाऱ्याला जुन्या सोबत्याकडे, वाल्मीककडे जाऊन येतो, असं सांगून ते निघाले होते.

आवाज ऐकून भागीबाईचा नवरा पुंजा बाहेर आला. त्यानं कात्रण पाहिलं.

"ही पाटी कुणी लिहिली?" रावजींनी विचारलं.

"मास्तरनं."

"कुठं असतो तो?"

पुंजानं बायकोकडे पाहिलं. "तुमी कोन त्याचे?"

"बाप."

भागीबाई आत जाऊन तांब्या घेऊन आली. रावजी पाणी पीत होते तेवढा वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली. "एकलेच आला?" तिनं विचारलं.

"हो."

"जा, वर घेऊन जा त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

कार्तिक लागला होता. गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलं होतं. पुंजा पुढे चालत होता आणि मागे न बघता सांगत होता. पोरगा एका पावसाळ्यात सायकल ढकलत गावात आला. डोंगरावर गेला, पायऱ्या पाहिल्या, आणि राहिलाच. गाळानं भरलेली टाकी त्यानं एकट्यानं उपसायला घेतली. मग गावही मदतीला लागलं. उन्हाळ्यात बायांचा दीड कोसाचा हेलपाटा वाचला. संध्याकाळी तो पोरांना अक्षरं शिकवायचा, म्हणून मास्तर.

"घरचं कधी बोलायचा?"

"इचारलं का हसायचा. म्हनायचा, सातही टाकी झाली का बापाला आनून दाखवीन."

पुढचं सांगायला पुंजा थांबला नाही. सातवं टाकं उपसताना वरचा दगड सुटून अंगावर आला. झोळीत घालून त्र्यंबकला दवाखान्यात न्यायला निघाले, अर्ध्या वाटेत गेला. पाच वर्षं झाली. पौषात.

वर सातव्या टाक्याच्या कडेला दगडांची एक छोटी समाधी होती. रावजी तिच्याशेजारी बसले. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, आलं नाही. एका टाक्यातलं पाणी दुसऱ्यात जायला दिनेशनं चर खोदला होता, तो ते बघत राहिले. उतार बरोबर दिला होता.

समोर खाली सातपूरच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या. म्हणजे घराच्या गच्चीवरून रोज सकाळी दिसायची ती डोंगरांची ओळ हीच.

"घरी कळवावं असं नाही वाटलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

पुंजा काठीनं जमीन उकरत राहिला. "पानी बघा कसं निवळ हाय," तो म्हणाला.

उतरण्याआधी रावजी त्याला म्हणाले, "मी आलो होतो हे कुणाला बोलू नका. याची आई घरी वाट बघते. तिला हे झेपायचं नाही."

"नाय बोलनार," पुंजा म्हणाला. "आमी कुनाचं कुनाला सांगत नाय."

परतीच्या जीपमध्ये रावजींनी कात्रणाचे तुकडे केले आणि खिडकीतून सोडून दिले. पहिल्या सोमवारी चौकीत जायचं, परत येऊन ‘नाही’ म्हणायचं. हे आता मरेपर्यंत करायचं होतं. अवघड काही नव्हतं. शब्द तोच होता.

ते घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. वत्सलाबाईनं पाणी दिलं.

"भेटले का वाल्मीकभाऊ?"

"भेटला. बरा आहे."

"आणि दिनूचं? काही कळलं?"

"नाही," रावजी म्हणाले. "कळेल. येईल तो."

"येईल की," ती म्हणाली. मग ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांच्या पायमोज्यात गवताची कुसळं रुतली होती. ती एकेक करून वेचू लागली. 

"भागीबाईनं समाधीकडच्या वाटेचं गवत अजून कापलेलं दिसत नाही," ती खाली बघतच म्हणाली. "पौषात मी जायच्या आधी कापते ती, दर वर्षी."