चेहरा पुसण्याआधी

"एकदाच दाखव गं. मी कुणाला सांगणार नाही."

म्हातारी खुर्चीच्या टोकावर अवघडून बसली होती. तिची मुलगी घराला लागलेल्या आगीत गेली, फोटोही त्यातच गेले. उरलं होतं ते या रुग्णालयात डोकेदुखीपायी कधीतरी काढलेलं तिच्या डोक्याचं स्कॅन.

समोरच्या तंत्रज्ञ बाईला सगळे खोडरबर म्हणत. स्कॅन संशोधकांकडे पाठवण्याआधी त्यावरचं नाव-गाव काढायचं आणि चेहराही पुसायचा, हे तिचं काम. डोक्याच्या स्कॅनमधून माणसाचा चेहरा उभा करता येतो, म्हणून ही खबरदारी. आणि ही म्हातारी नेमकं उलटंच मागत होती! साहेबांना कळलं असतं तर नोकरीवर गदा आली असती.

"मावशी, रीतसर अर्ज करा ना," खोडरबर मास्कमधूनच शिंकत म्हणाली. सर्दीने ती बेजार झाली होती.

"केलाय. पण तोवर..." म्हातारी पुढे सरकली. "मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय गं. परवापर्यंत निदान डोळे तरी आठवायचे. मी कसली आई?"

खोडरबरने खुर्ची संगणकाकडे वळवली. शेजारच्या खोलीत साहेबांची मीटिंग संपत आली होती. तिने घाईघाईने यादीतून फाइल उघडली, दोन-चार बटणं दाबली.

पडद्यावर राखाडी डोकं उगवलं. केस नाहीत, भुवया नाहीत, डोळे मिटलेले. रोजचंच काम, तरी अशा चेहऱ्यांकडे बघताना तिच्या अंगावर काटा यायचा. तिने नजर दाराकडे वळवली.

म्हातारी पडद्याकडे झुकली.

"हीच का गं?"

"हो मावशी. हीच."

"हीच," म्हातारी पुटपुटली. मग हळूहळू उजळली. "हो, हीच की! कपाळ बघ, थेट माझ्या आईचं. आणि ही हनुवटी! हट्टाला पेटली की अश्शी पुढे काढायची. कशी विसरले गं मी?"

खोडरबरने छापून दिलेला कागद छातीशी धरून ती उठली. दारात थांबून म्हणाली, "आता नाही विसरायची. मरेपर्यंत नाही."

खोडरबरने डोळे टिपले. नियम मोडला होता, पण जिवाला बरं वाटत होतं. साहेब यायच्या आत फाइल बंद करायला ती वळली आणि पडद्याच्या कडेची माहिती तिने आत्ता कुठे वाचली.

घाईत भलतीच ओळ दाबली गेली होती. हे कुणा रुग्णाचं स्कॅनच नव्हतं. नवं मशीन आलं तेव्हा चाचणीसाठी कुणाला तरी आत झोपवायचं होतं, आणि खोडरबर स्वतःच झोपली होती.