बाबांचं नाक

पुजारी बुन-तिकच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. तैवानच्या डोंगरातल्या देवळात काळ्या भिक्षुबाबांची मूर्ती पुसताना तिचं नाक निखळून त्याच्या हातात आलं. संकटाआधी बाबा नाक गाळतात आणि गाव लगेच खाली हलतं, ही तिथली रीत. पण बुन-तिकला वाटलं, आपलंच फडकं जोरात लागलं. लाजेनं त्यानं भाताच्या खळीनं नाक चिकटवलं आणि गप्प राहिला.

तिसऱ्या दिवशी दरड कोसळली.

शेजारची आ-किम मावशी बाबांपुढे कपाळ आपटत होती. "दर वेळी सांगता, यंदाच का हो गप्प बसलात? माझा नैवेद्य चुकला म्हणून?" मग डोळे पुसत म्हणाली, "अरे बुन-तिक, बाबांच्या नाकाला मुंग्या लागल्यात बघ."

बुन-तिकनं मान खाली घालून मुंग्या पुसल्या.

मावशीचा नवरा आणि नात चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या बाराव्या दिवशी त्याच दरडीखाली गेली.