लखोट्यातला आकडा

"बाबा, तो आकडा आठवतो का हो?" गोळी त्यांच्या तळहातावर ठेवत तिनं विचारलं.

आयुष्यातली ही तिची पहिली लबाडी. नऊ वर्षं तिची प्रयोगशाळा एकाच कणाच्या मागे होती. म्यूऑन, इलेक्ट्रॉनचा दांडगा भाऊ. चुंबकाच्या कड्यात तो भोवऱ्यासारखा किती डुलतो, ते दशांशाच्या दहाव्या घरापर्यंत मोजायचं. मोजणाऱ्यांनी मनाजोगतं उत्तर काढू नये म्हणून घड्याळच जरासं चुकीचं लावलेलं. किती चुकीचं, ते लखोट्यात बंद. तो आकडा बाबांनी ठरवला होता. याच कणाचं सर्वांत अचूक मोजमाप त्यांच्या नावावर. त्यांच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा कोण?

आता मात्र आपण जेवलो की नाही, हेही त्यांना आठवत नसे. पोटच्या पोरीला ते ताई म्हणत.

लखोटा उघडायला सात महिने उरले होते, आणि तिला धीर धरवत नव्हता.

"आकडा ना, ताई?" बाबा हसले आणि पाच अंक घडाघडा म्हणाले.

तो आकडा धरून तिनं गुपचूप हिशेब केला, तर उत्तर भलतीकडेच गेलं. मग सहा महिने खपून तिनं चुंबकाच्या तापमानाच्या नावाखाली एक दुरुस्ती घुसवली आणि उत्तर बाबांच्या जुन्या मोजमापाशी आणून बसवलं.

भर सभेत लखोटा फोडला. आतला आकडा वेगळाच होता.

सहकाऱ्यानं फळ्यावर गणित मांडलं. "मॅडम, ती दुरुस्ती काढली तर उत्तर सरांच्या, तुमच्या बाबांच्या, मोजमापाशी तंतोतंत जुळतं. सरांपेक्षा चौपट अचूक. मग ती घातली कशासाठी?"

तिनं मुद्दाम उत्तर वाकवलंय, हे सगळ्यांना उमगलं. संध्याकाळपर्यंत तिच्या खोलीला कुलूप लागलं. एकदा हात लागलेल्या मोजणीवर कुणाचा भरवसा उरला नाही; मोजमाप बाद झालं.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. तिनं त्यांच्या हनुवटीवरचं दूध पुसलं. आजारी माणसाला काय बोल लावायचा?

"आज लखोटा उघडला, बाबा. आमचं मोजमाप बाद झालं," ती एवढंच म्हणाली.

बाबांनी लखोट्यातला खरा आकडा शेवटच्या अंकापर्यंत म्हणून दाखवला. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं,

"म्हणजे अजून माझंच मोजमाप चालणार ना, बाळ?"