छापील किंमत

माणूस पोटासाठी मारामारी करतो असं आपण समजतो. पण रक्त सांडावं असं त्याला मनापासून वाटतं ते फक्त तत्त्वासाठी. त्या रविवारी दुपारी तत्त्व डेंटरच्या शर्टाच्या खिशात होतं, मधोमध घडी घालून, आणि फर्निचरवाला गिऱ्हाईक त्याची पाचपट किंमत द्यायला तयार होता.

गॅरेज दरवर्षी वर्गणी काढून फुटबॉलच्या मोसमातल्या प्रत्येक सामन्याची, ठरलेल्या दोन जागांची तिकिटं घेत असे. पाळीपाळीने एकेकाने जायचं. ज्याला जमणार नाही त्याने तिकिटं किल्ल्यांच्या फळीवर शेवटच्या खुंटीला अडकवायची. ज्याला हवी त्याने छापील किंमत ग्रीसच्या रिकाम्या डब्यात टाकून न्यायची. नियम कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो चार वर्षं पाळला गेला होता. आजची पाळी डेंटरची होती. पण त्याला साडूचं सामान हलवायला जायचं होतं.

पेंटर हात धुऊन फळीपाशी आला तेव्हा खुंटी रिकामी होती. त्याचे वडील सकाळपासून रंगाला आलेल्या एका मोटारीत मागच्या सीटवर, गळपट्टा गुंडाळून तयार बसले होते. त्यांचा डावा डोळा गेला होता. उजव्याचं बुधवारी ऑपरेशन होतं आणि हमी मागू नका असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. आपला संघ त्यांनी चाळीस वर्षं रेडिओवर ऐकला होता. एकदा बघायचा होता.

हे सगळं डेंटरला माहीत होतं, म्हणून पेंटरने फक्त तिकिटं मागितली.

डेंटरने त्याला समजावून सांगितलं. राजीखुशीचा सौदा आहे, घेणारा खूश, देणारा खूश, कुणाच्या गळ्याला सुरी लावलेली नाही. "आणि आपण पत्रा ठोकायचे पैसे घेतो," तो म्हणाला, "ते कुठे छापलेले असतात रे?"

 पेंटरने रबरी हातोडा उचलला.

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानावर. डेंटर टायरच्या ढिगावर आडवा झाला आणि उठला तो सायलेन्सरचा पाइप घेऊनच. पाइप पेंटरच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, दोन दात फरशीवर पडले. पेंटरने ते आधी पायाने बाजूला सारले आणि मग डेंटरच्या पोटात डोकं घातलं. मिस्त्री ऑफिसातून धावत बाहेर आला. त्याने परिस्थिती पाहिली, नवी काच उचलून भिंतीला नीट टेकवली आणि दोघांनाही बजावलं, की काय ते खाली करा, बॉनेटवरचा प्रायमर अजून ओला आहे.

डेंटरने उठण्यासाठी मोटारीच्या उघड्या दाराचा आधार घेतला. पेंटरने सगळं अंग टाकून दार लोटलं. डेंटरची चार बोटं आत होती.

"दार नीट लागलं नाही वाटतं," आतून वडील म्हणाले.

पेंटरने दार उघडलं. डेंटर खाली बसला. पेंटरने त्याच्या खिशातून तिकिटं काढली, एका कोपऱ्यावर रक्त लागलं होतं ते पुसलं, आणि डब्यात छापील किंमत टाकली, सुट्या नाण्यांसकट. लुबाडलं असं कुणी म्हणायला नको.

"खुंटीला लावलीच नव्हती मी," डेंटर हात काखेत दाबून म्हणाला. "मग डब्यात टाकून काय उपयोग?" नियमाने बघितलं तर त्याचंच बरोबर होतं.

फर्निचरवाल्याने नोटा परत पाकिटात ठेवल्या आणि आपली गाडी उद्या मिळेल ना, असं मिस्त्रीला हळूच विचारलं.

स्टेडियमच्या दारात पेंटरचं तोंड पाहून पहारेकऱ्याने विचारलं, कोणत्या संघाचे. वडिलांनी अभिमानाने सांगितलं. पायऱ्या चढून, लोकांचे गुडघे ओलांडून दोघे जागेवर पोचले आणि बसले.

वडिलांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग तो हातात धरून बसले.

"बुधवारपर्यंत थांबला नाही बघ डोळा," ते म्हणाले. "पुढे नुसतं करडं दिसतंय."

"डोळा ठीक आहे, बाबा. खांब आहे तो."

सिमेंटचा खांब होता, दोन हात रुंद, दोन्ही जागांच्या बरोबर पुढ्यात. डावीकडे वाकलं की कोपऱ्यातला झेंडा दिसे. उजवीकडे वाकलं की शेजाऱ्याचा कान. गेली चार वर्षं गॅरेजमधला बाकी प्रत्येकजण या जागांवर बसून गेला होता आणि सोमवारी उभं राहून, हातवारे करून सामना सांगत आला होता. पेंटरची पाळी आली की नेमकी त्याच दिवशी एखादी गाडी रंगवून द्यायची असे, त्यामुळे तो फक्त ऐकत आला होता. खांबाचा उल्लेख कुणी केल्याचं त्याला आठवेना.

"मग तू बघ आणि मला सांग," वडील म्हणाले. त्यांना बरंच हायसं वाटलं होतं.

विसाव्या मिनिटाला समोरच्या बाजूने गर्जना उठली. वडिलांनी त्याचा हात घट्ट धरला आणि काय झालं म्हणून विचारलं. पेंटरने खांबाकडे पाहिलं. मग तो उभा राहिला आणि सुजलेल्या तोंडाने, हातवारे करून सांगू लागला: आपल्या पोराने डावीकडून दोघांना चकवलं, तिसरा आडवा आला, त्याच्या पायांमधून चेंडू काढला आणि वरच्या कोपऱ्यात असा मारला, की गोलकीपर जागचा हलला नाही.

वडील डोळे मिटून ऐकत होते.

"मग आपल्या बाजूचे सगळे गप्प का रे?"

"भारावलेत, बाबा."

गोल पाहुण्यांचा होता.