दहा बोटांची हजेरी

दार उघडलं ते बाईंनी. अध्यक्षांनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रडलेल्या दिसत नव्हत्या. पण चेहऱ्यावर विसंबायला अध्यक्ष काही भोळे नव्हते. चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य गेलेलं, धड न दिसणारी माणसं किती ठामपणे 'अगदी स्पष्ट' म्हणतात हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"भुईनळा इथेच राहतात ना?" त्यांनी विचारलं आणि जीभ चावली. ते तर इंटरनेटवरचं टोपणनाव; पूर्वी पाठवलेल्या पार्सलवरचं खरं नाव ऐनवेळी आठवलं नव्हतं.

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत वळून हाक मारली, "अहो, तुमचं दारूकाम आलंय."

आतषबाजीच्या शौकिनांचा इंटरनेटवर एक फोरम होता, त्याचे हे अध्यक्ष. निवडून आलेले नव्हेत, बाकीचे उठून गेल्यावर खुर्चीत उरलेले. सदस्यांची यादी लांबलचक, बोलणारे बोटांवर मोजण्याइतके. तसा तिथला खरा हिशोब बोटांचाच. हंगाम संपला की प्रत्येकानं एकच शब्द लिहायचा, 'दहा'. म्हणजे बार उडवले, धूर खाल्ला आणि हातांची सगळी बोटं शाबूत आहेत. पूर्वी त्या दिवशी नुसती झुंबड उडायची. यंदा दोन-चार 'दहा' आले, आणि एक 'दहा, पण गुडघा दुखतो'. भुईनळ्याचा पत्ताच नाही.

घरामागच्या शेडमध्ये स्वतः बार भरणारा फोरमवर तो एकटाच. त्याच्या शेवटच्या फोटोखाली अध्यक्षांनीच लिहिलं होतं, 'एवढ्यावर थांबू नका, आणखी मोठा होऊ द्या.' त्यानंतर त्याचं एक अक्षर नाही. निरोप पाठवले, तेही तसेच पडून राहिले. ते वाक्य आता अध्यक्षांना जेवू देत नव्हतं. बायको म्हणाली, कंटाळला असेल. असला शौक सुटत नसतो, असं तिला सुनावून ते बसमध्ये बसले होते. एकदा बक्षीस म्हणून त्याला संरक्षक चष्मा पाठवला होता, तो पत्ता उपयोगी पडला.

भुईनळा आतल्या खोलीत स्टुलावर उभा होता. डाव्या हातानं त्यानं काचेच्या मोठ्या टाकीची कड धरली होती, आणि उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत बुडालेला. पाणी शेवाळानं हिरवं, गढूळ.

डावा ठीक आहे, अध्यक्षांनी मनात नोंद केली.

आपण कोण ते त्यांनी सांगितलं. तो मनापासून हसला, बसा म्हणाला. हात बाहेर काढता येत नव्हता, कारण काढला की नळी सटकणार होती. बस वेळेवर मिळाली का, घर सापडायला त्रास झाला का, अशी चौकशी तो करत राहिला आणि अध्यक्ष उभ्याउभ्याच हो-नाही करत राहिले. त्यांचे डोळे पाण्यावर होते. आत काहीतरी फिकट हलत होतं, पण ते बोट होतं की मासा, हे चष्मेवाल्यालाही सांगता येईना.

"आधी तो हात दाखवा," शेवटी ते म्हणाले.

"अहो, नळी..."

"मरू दे नळी."

आवाज ऐकून बाईही दारात आल्या. भुईनळ्यानं हात वर काढला. कोपरावरून पाणी निथळत होतं, मनगटाला शेवाळाची शेपटी लटकत होती. अध्यक्षांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. पाचही जागेवर. मग कुठे ते खुर्चीवर बसले.

"एक शब्द लिहायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

भुईनळा ओशाळला. यंदा त्यानं काही उडवलंच नव्हतं. शेड झाडून रिकामी केली होती, तिथे आता माशांचं खाद्य असायचं. काहीच उडवलं नाही, तर 'दहा' कुठल्या तोंडानं लिहायचं? आणि मन उडालं होतं ते आजचं नव्हे. पण फोटो टाकला रे टाकला की अध्यक्षांचं पानभर कौतुक यायचं. एवढं लिहिणाऱ्याला नाराज कसं करायचं, म्हणून मग पुढचा बार. त्या कौतुकाला उत्तर द्यायचं म्हणजे अख्खी सकाळ जायची, कारण तो टाईप करायचा एकाच बोटानं.

"बाकीची नऊ नुसतीच शाबूत ठेवली यांनी," बाई म्हणाल्या.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुमचा जीव आहे त्या फोरमवर, म्हणून सांगवत नव्हतं."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळूच सांगून टाकलं की फोटो टाकणाऱ्याला कुणी काहीच लिहीत नाही, हे बघवायचं नाही म्हणून ते लिहायचे. फोटो नीट बघतही नसत. इकडून तिकडून धूर तो धूर.

भुईनळा त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही स्वतः शेवटचं कधी पेटवलंत काही?"

"रोज सकाळी. गॅस."

बाई हसत हसत चहा टाकायला गेल्या. फोरम बंद करू या का, असं अध्यक्षांनी विचारलं, आणि भुईनळा हो म्हणाला. कित्येक महिन्यांत एखाद्या विषयाला इतका भरघोस प्रतिसाद मिळाला नव्हता.

मग त्यानं दुसरी खुर्ची टाकीजवळ ओढली. पाण्यातला गाळ हळूहळू खाली बसत होता. पानांमागून एक जाडसर मासा पुढे आला, काचेला नाक लावून त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दोघं बघत बसले. त्याला काही उत्तर द्यायला हवं, असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.